मंडालेचा राजवाडा आणि रत्नागिरीचा राजवाडा : एकाच इतिहासाची दोन टोके

मूळ धागा

रत्नागिरीला येणारा पर्यटक थिबा पॅलेस पाहतो, थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी पाहतो, आणि ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी येथे कैदेत ठेवले होते एवढी माहिती घेऊन परत जातो. हा राजा कोणत्या घरातून उठवून आणला गेला आणि त्या घराचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. रत्नागिरीची वास्तू मंडालेच्या राजवाड्यावाचून समजत नाही, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे, आणि म्हणून हा धागा मी मंडालेपासून सुरू करीत आहे.

१८५२-५३ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात रंगूनसह खालचा ब्रह्मदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि राज्याला समुद्र उरला नाही. त्या पराभवाच्या काळातच १८५३ मध्ये मिंदोन गादीवर आला. राजधानी तेव्हा अमरपुरा येथे होती. मिंदोनने १८५७ साली तेथून थोडे उत्तरेला, मंडालेच्या टेकडीच्या पायथ्याशी, नवे नगर वसवले. बुद्धधर्माला चोवीसशे वर्षे होतील तेव्हा या टेकडीपाशी एक थोर नगर उभे राहील, असे भाकीत खुद्द बुद्धाने केले होते अशी श्रद्धा होती. हरलेल्या राज्याला नव्याने उभे करायचे तर त्या श्रद्धेचा आधार घेणे मिंदोनला आवश्यक वाटले असावे. नगराचे अधिकृत नाव ‘यदनाबोन’ असे ठेवले गेले. यातील ‘यदना’ म्हणजे पालीतील ‘रतन’, आपले ‘रत्न’. रत्नांच्या नगरातून निघालेला राजा पुढे रत्नागिरीत आला, हा योगायोग मी प्रथम वाचला तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

हा राजवाडा सगळा नवा नव्हता. अमरपुऱ्याच्या राजवाड्यातील सागवानी इमारती उतरवून, खांब आणि तुळया हत्तींकरवी वाहून आणून, मंडालेत त्या पुन्हा उभ्या केल्या गेल्या. ब्रह्मी राजांच्या राजधान्या वारंवार हलत असत आणि लाकडी बांधणीमुळे राजधानीबरोबर राजवाडाही हलवता येत असे. आपल्याकडचे गड आणि वाडे डोळ्यांसमोर ठेवून पाहणाऱ्याला हे नवल वाटते, परंतु पुढचा सारा इतिहास समजून घ्यायला ही एक गोष्ट फार उपयोगी पडते.

नगराची रचना आखीव होती. प्रत्येकी सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या चार विटांच्या तटांचा चौरस, त्याभोवती दोनशे फुटांहून अधिक रुंद खंदक, प्रत्येक बाजूस तीन असे एकूण बारा दरवाजे आणि प्रत्येक दरवाज्यावर एका राशीचे चिन्ह. तटावर ठराविक अंतराने ‘प्यात्थात’ म्हणजे एकावर एक निमुळती होत जाणारी लाकडी छपरे. मधोमध राजवाडा, पूर्वाभिमुख, आणि मुख्य दरबारावर सात टप्प्यांचा सोनेरी मनोरा. त्याच्या बरोबर खाली सिंहासन होते. ब्रह्मी लोक त्याला ‘थिहाथना’ म्हणतात. ब्रह्मी उच्चारात ‘स’चा ‘थ’ होतो हे लक्षात घेतले की शब्द आपलाच असल्याचे कळते. विश्वाच्या मध्यभागी मेरू आणि नगराच्या मध्यभागी राजा, ही कल्पना तेथे आखणीतच उतरली होती.

मिंदोन १ ऑक्टोबर १८७८ रोजी वारला. त्याच्या अनेक पुत्रांपैकी थिबाला, म्हणजे अवघ्या एकोणीस वर्षांच्या राजपुत्राला, मिंदोनच्या एका राणीच्या आणि मंत्र्यांच्या मसलतीतून गादीवर बसवण्यात आले. सात वर्षांनी शेवट झाला. निमित्त सागवानाचे होते. मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने वरच्या ब्रह्मदेशातील जंगलांतून तोडलेले ओंडके कमी दाखवून राज्याचे पैसे बुडवले, असा आरोप ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. फ्रान्सशी चाललेली मंडालेची जवळीक इंग्रजांना आधीच खुपत होती. दंडाचे निमित्त पुरले. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर जनरल प्रेंडरगास्टच्या आगबोटी इरावतीतून वर निघाल्या. पंधरवड्यात सारे संपले. २८ नोव्हेंबरला इंग्रज सैन्य मंडालेत उतरले आणि दुसऱ्या दिवशी राजा, राणी सुपायालात आणि परिवार यांना बैलगाड्यांतून नदीकाठी नेऊन आगबोटीवर चढवण्यात आले. त्या बोटीचे नाव ‘थूरिया’ होते, म्हणजे ‘सूर्य’. १ जानेवारी १८८६ रोजी वरचा ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर झाले. ज्या देशाचा हा राजवाडा होता, तो देश त्या दिवशी नकाशावरून गेला.

येथून कथेच्या दोन शाखा होतात. माणसे रंगून आणि मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आली. घर तेथेच राहिले, आणि त्याचे नाव ‘फोर्ट डफरिन’ झाले. तटाच्या आतली वस्ती उठवून छावणी वसवण्यात आली. राजवाड्याच्या दालनांत ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आले, आणि पश्चिमेकडच्या दरबारात, जेथे राणी स्त्रियांना भेटी देत असे, इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब भरू लागला. १९०१ साली लॉर्ड कर्झन तेथे गेला असता हे पाहून त्याने क्लब आणि प्रार्थनामंदिर दोन्ही हलवण्याचे आणि वास्तू जतन करण्याचे आदेश दिले. कर्झनविषयी आपल्या मनात जे काही आहे ते असो, हे श्रेय त्याला द्यावे लागते.

प्रतिसाद १ (रत्नागिरीहून)

मी याच गावचा. आमच्या लहानपणी राजवाड्यात शासकीय तंत्रनिकेतन भरत असे आणि मुले सायकली घेऊन त्या आवारात जात, त्यामुळे राजाचे घर अशी भावना आमच्या मनात फारशी रुजली नाही. आता तेथे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे.

ज्यांनी वास्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. इमारत जांभ्याची, तीन मजली, उतरत्या छपरांची. अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांवर कोरीव काम आहे आणि त्यांत रंगीत काचा आहेत. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे मोठे दालन आहे. कोकणातला पाऊस जाणून बांधलेले हे घर आहे. मंडालेतील एकमजली, सोनेरी मुलाम्याच्या सागवानी दालनांशी त्याचे काही नाते दिसत नाही. म्हणून मला नेहमी प्रश्न पडतो की याला राजवाडा म्हणावे का? सरकारने एका कैद्यासाठी बांधलेला तो बंगला होता.

धागाकर्ता

आपला प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर तारखांतच मिळते. थिबा रत्नागिरीत तीस वर्षांहून अधिक काळ होता. त्यातील पहिली चोवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांत, पोलिसांच्या पहाऱ्यात आणि सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीने गेली. ठरलेले भत्ते पुरत नसत आणि बरोबर आणलेली रत्ने एकेक करून विकली जात. हा राजवाडा १९१० साली तयार झाला. डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे तो या घरात जेमतेम सहा वर्षे राहिला. जन्मभर ज्याला घर मागावे लागले त्याला ते पन्नाशी ओलांडल्यावर मिळाले.

तरीही ‘राजवाडा’ हा शब्द मी सोडणार नाही. राजाने आणि राणीने तेथे दरबारी रीत पाळण्याचा प्रयत्न शेवटपर्यंत केला आणि रत्नागिरीच्या लोकांनी त्याला राजाच मानले. नाव सरकारने दिले असो वा गावाने, ते गावाने टिकवले आहे.

एक गोष्ट मात्र रत्नागिरीकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. थिबा वारल्यावर त्याचे दफन लगेच झाले नाही. राजाचा देह ब्रह्मदेशात नेऊ द्यावा, असा राणी सुपायालातचा आग्रह होता. सरकारने तो मानला नाही आणि राणीनेही माघार घेतली नाही. १९१२ मध्ये वारलेल्या धाकट्या राणीची आणि राजाची शवपेटी अशा दोन्ही पेट्या वर्षानुवर्षे दफनावाचून राहिल्या. अखेर १९१९ साली सरकारने रत्नागिरीतच दोघांचे दफन केले. त्याच वर्षी राणी मुलींसह रंगूनला परतली, पण तिला मंडालेला जाऊ दिले नाही. १९२५ साली ती रंगूनमध्येच वारली आणि तिची समाधी तेथेच, श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. राजा एका देशात, राणी दुसऱ्या देशात, आणि दोघांचे घर तिसऱ्या ठिकाणी.

प्रतिसाद २

या दोन टोकांना जोडणारा तिसरा दुवा धाग्यात आला नाही, म्हणून लिहीत आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवले गेले. तो तुरुंग होता फोर्ट डफरिनमध्ये, म्हणजे मिंदोनने बांधलेल्या त्याच तटांच्या आत.

१९०८ ते १९१४ या काळात रत्नागिरीत जन्मलेला पुढारी ब्रह्मी राजाच्या किल्ल्यात बंदी होता आणि त्या किल्ल्याचा धनी रत्नागिरीत बंदी होता. १९१० मध्ये थिबा नव्या घरात राहायला गेला, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात टिळकांनी मंडालेत शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहायला घेतले. आपण ‘मंडाले’ हा शब्द शाळेत टिळकांमुळे शिकलो आणि ‘थिबा’ हा शब्द सहलीत शिकलो. दोन्ही शब्द एकाच तटाचे आहेत, हे मला वयाच्या चाळिशीत कळले.

पुढे सुभाषचंद्र बोसही मंडालेच्या तुरुंगात होते आणि टिळक राहिले होते ती लाकडी फळ्यांची बराक त्यांनी पाहिली. ऊन, थंडी, धूळ यांपासून तिच्यात काही संरक्षण नव्हते, असे त्यांनी लिहिले आहे. टिळकांना मधुमेह होता. १९१२ साली त्यांच्या पत्नी पुण्यात वारल्या, ती बातमी त्यांना त्या बराकीत कळली.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. मूळ लेखात हे मी पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवले होते, पण आपण लिहिले ते अधिक नेटके आहे. त्यात एवढेच जोडतो की ही अदलाबदल कोणी मुद्दाम आखली नव्हती. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत प्रशासनाच्या दृष्टीने हिंदुस्थानचाच भाग होता, आणि ज्याला त्याच्या लोकांपासून तोडायचे त्याला समुद्रापलीकडे पाठवायचे हे सरकारचे धोरण होते. बहादूरशहा जफरला त्यांनी दिल्लीहून रंगूनला नेले, तेथे तो १८६२ साली वारला. थिबाला उलट दिशेने आणले. रत्नागिरी निवडण्याचे कारण तिचे एकाकीपण होते. तेथे आगगाडी नव्हती, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गाव मुंबईपासून तुटत असे. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीतच स्थानबद्ध ठेवले गेले, त्यामागेही हा विचार असणार.

प्रतिसाद ३

विषय आवडला, परंतु एक नोंद केल्यावाचून राहवत नाही. निर्वासित राजाविषयी लिहिताना आपण सगळेच हळवे होतो आणि राजवाड्याच्या भिंतींमागे काय घडले ते विसरतो. फेब्रुवारी १८७९ मध्ये, थिबा गादीवर आल्यानंतर काही महिन्यांतच, गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजघराण्यातील स्त्री-पुरुष-मुलांची याच राजवाड्यात कत्तल झाली. संख्या ऐंशीच्या आसपास सांगितली जाते. मरणारे थिबाचे सावत्र भाऊ आणि बहिणी होते. इंग्रजांनी या घटनेचा प्रचारासाठी पुरेपूर उपयोग केला हे खरे, पण घटना त्यांनी रचली नव्हती. राजवाड्याचा इतिहास सांगायचा तर ही रात्र त्यात असली पाहिजे.

धागाकर्ता

आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि मूळ लेखातून ही गोष्ट सुटली ती माझी चूक आहे. आज्ञा कोणाची, राजाची की त्याला गादीवर आणणाऱ्या राणीच्या गटाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी राजा म्हणून जबाबदारी थिबाची राहतेच. मिंदोनच्या काळातही, १८६६ मध्ये, त्याच्या दोन पुत्रांनी राजवाड्यातच बंड करून युवराजाला, म्हणजे मिंदोनच्या भावाला, ठार मारले होते. त्यानंतर मिंदोनने वारस नेमण्याचे टाळले, आणि १८७९ ची कत्तल त्या टाळाटाळीतून आली असे मला वाटते. वारस ठरलेला नव्हता म्हणून प्रत्येक राजपुत्र संशयास्पद ठरला.

तरी एक भेद मी करीन. राजाच्या अपराधाची शिक्षा म्हणून मंडाले घेतले गेले नाही. ते सागवान, व्यापार आणि फ्रान्सची भीती यांसाठी घेतले गेले. कत्तलीनंतर सहा वर्षे सरकारने चढाई केली नव्हती.

प्रतिसाद ४

२०१४ साली मंडालेला जाण्याचा योग आला होता, म्हणून आजच्या स्थितीविषयी लिहितो. जो राजवाडा दाखवला जातो तो जुना नाही. मार्च १९४५ मध्ये जपानी सैन्य फोर्ट डफरिनमध्ये तळ ठोकून होते आणि हिंदी सैन्याची १९ वी डिव्हिजन शहर घेत होती. तोफा आणि विमाने यांच्या त्या माऱ्यात राजवाडा पेटला. सागवान आणि सोन्याचा मुलामा, ते किती वेळ टिकणार? २० मार्चला किल्ला हाती आला तेव्हा आत टांकसाळ आणि टेहळणीचा मनोरा यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. किल्ला घेणारे सैन्य हिंदी होते हे मला तेथे उभे असताना फार जाणवले.

सध्याच्या इमारती लष्करी राजवटीने १९८९ नंतर बांधल्या आणि नव्वदीच्या दशकात पुऱ्या केल्या. त्यांत काँक्रीट आहे, छपरांना पत्रे आहेत. लांबून, खंदकाच्या पाण्यात तटाचे प्रतिबिंब पडलेले असताना, दृश्य देखणे आहे. जवळ गेल्यावर दालने रिकामी वाटतात. परदेशी माणसाला केवळ पूर्वेच्या दरवाज्याने आत सोडतात, कारण तटाच्या आतला बहुतेक भाग आजही लष्कराकडे आहे. खंदक उपसण्याच्या कामावर त्या काळी लोकांना सक्तीने राबवले गेले होते. हे माहीत असल्यामुळे त्या पाण्याकडे मला मोकळ्या मनाने पाहता आले नाही.

मार्च २०२५ च्या भूकंपात तटाचा काही भाग आणि त्यावरची छपरे कोसळली, ती छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलीच असतील.

प्रतिसाद ५

मग मिंदोनच्या राजवाड्यातले अस्सल असे आज काहीच उरले नाही का?

धागाकर्ता

उरले आहे, आणि त्यासाठीच मी आरंभी लाकडी बांधणीचा मुद्दा मांडला होता.

मिंदोन ज्या दालनात वारला ते दालन थिबाने उतरवले आणि तटाबाहेर नेऊन भिक्षूंसाठी मठ म्हणून उभे केले. पित्याचा आत्मा तेथे वावरतो असे त्याला वाटू लागले होते, अशी परंपरागत कथा आहे. कारण काहीही असो, ती वास्तू तटाबाहेर गेली म्हणून १९४५ च्या आगीतून वाचली. ‘श्वेनानदॉ’ म्हणजे सोन्याचा राजवाडा, या नावाने ती आज ओळखली जाते. बाहेरचा मुलामा पावसाने धुऊन गेला आहे आणि काळवंडलेल्या सागवानावरचे कोरीव काम उघडे पडले आहे. आत, जेथे पाऊस पोचत नाही तेथे, सोने अजून दिसते. मिंदोनच्या दालनांची खरी कल्पना यायची असेल तर मंडालेत प्रथम तेथे जावे, आणि काँक्रीटचा राजवाडा नंतर पाहावा, असे मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

दुसरी वस्तू म्हणजे सिंहासन. राजवाड्यात निरनिराळ्या दालनांत निरनिराळी आसने होती. त्यांपैकी सिंहाचे आसन एक दरबारात आणि दुसरे मंत्रिमंडळाच्या सभागृहात होते. हे दुसरे इंग्रजांनी कलकत्त्याच्या संग्रहालयात नेले. बाकीची सर्व आसने १९४५ मध्ये राजवाड्याबरोबर जळाली. कलकत्त्यातले तेवढे राहिले आणि ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली लॉर्ड माउंटबॅटनने ते परत केले. आज ते यांगूनच्या, म्हणजे रंगूनच्या, राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

म्हणजे जे घराबाहेर काढले गेले ते वाचले. मठ राजानेच बाहेर काढला होता, सिंहासन शत्रूने. राजघराणेही असेच वाचले म्हणावे, तर त्याची किंमत थोरल्या राजकन्येने दिली. रंगूनला परतल्यावर ती तेथे रमली नाही आणि रत्नागिरीत, जेथे तिचे आयुष्य गेले होते तेथे, परत आली. १९४७ साली ती येथेच वारली. तिची मुलगी टूटू मराठी बोलत, रत्नागिरीतल्याच एका घरात संसार करत म्हातारी झाली.

प्रतिसाद ६ (रत्नागिरीहून)

टूटूचे नाव आल्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही. आमच्या आईने त्यांना पाहिले होते. कागदी फुले करून विकणारी एक गोरीपान बाई, एवढीच ओळख गावाला होती, असे ती सांगत असे.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीवर आले, त्या दिवशी रस्ते बंद होते आणि आम्ही गच्चीवरून गाड्यांचा ताफा पाहिला. समाधी लहानशी आहे, आजूबाजूला आता इमारती झाल्या आहेत. पर्यटक राजवाड्यापाशी उतरतात, तेथून पॉइंटवर जातात आणि निघून जातात. समाधीकडे येणारे थोडे, आणि त्यांत ब्रह्मदेशातून आलेले भिक्षू पुष्कळदा असतात. ते समाधीसमोर जमिनीवर बसतात, हात जोडतात, फुले ठेवतात आणि मग आम्हाला राजवाड्याचा रस्ता विचारतात.